नवऱ्याच्या पॉलिसीवर माझं नाव आहे, मग गाडी घेऊन कामावर जाता येईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते, म्हणजे कुठे गैरसमज असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहता, घरात गाडी एकच. विम्याची पॉलिसी यजमानांच्या नावावर आणि तुम्ही त्यावर नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांत नाव नोंदवलेल्या. यजमान आठवड्यातून दोन दिवस लंडनला जातात. २ मैलांवरच्या स्टेशनात गाडी लावायची आणि पुढे ट्रेन. तुम्हाला आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आहे, आठवड्यातून तीन दिवस, घरापासून १४ मैल, आणि शिफ्ट इतक्या लवकर सुरू होते की त्या वेळी सोयीची बस नाही. तुमची इथली ड्रायव्हिंग टेस्ट गेल्या वर्षी पास झाली. मैत्रीण म्हणते, ‘फुल्ली कॉम्प’ आहे ना, मग काही काळजी नको. यजमान म्हणतात, रिन्युअलला सांगून टाकू, तोवर कोण तपासतंय. आणि शेवटचं, एक सहकारी पेट्रोलचे पैसे वाटून तुमच्याबरोबर येणार आहे, ते चालेल का?

सरळ उत्तर आधी देते. तुम्ही लिहिलंय की सर्टिफिकेटवर वापराच्या जागी ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’, म्हणजे घरगुती कामं आणि फिरणं, एवढंच छापलंय. तसं असेल तर आजच्या पॉलिसीवर तुम्ही गाडी घेऊन कामावर जाऊ शकत नाही. गेलात तर त्या प्रवासापुरतं तुमच्याकडे विम्याचं कव्हर नाही. ही गोष्ट बहुतेक वेळा एका फोनवर दुरुस्त होते, आणि तो फोन नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी करायचा आहे. पण तुमच्या बाबतीत फक्त ‘कम्युटिंग’, म्हणजे कामावर जाण्यायेण्याचा वापर, जोडून भागणार नाही. तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती तुम्ही विचारलेली नाही आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. तिच्याकडे येतेच.

मी इथे मोटार विम्यात काम करते. आधी क्लेम विभागात होते, आता ब्रोकरकडे आहे. आपल्याकडून आलेल्या माणसांची या विषयात गल्लत होताना सतत पाहते, आणि त्यात त्यांचा निष्काळजीपणा नसतो. भारतातली खासगी गाडीची पॉलिसी मुळात वेगळ्या पायावर उभी आहे. तिथे ड्रायव्हरच्या कलमात साधारण एवढंच असतं की चालवणाऱ्याकडे त्या वेळी वैध लायसन्स हवं आणि त्याला वाहन चालवायला बंदी नसावी. मालक, बायको, भाऊ, पगारी ड्रायव्हर, कुणीही चालवलं तरी पॉलिसी लागू. वापराचंही तसंच: भाड्याने देणं, मालवाहतूक, शर्यती, वाहनविक्रीचा धंदा असल्या गोष्टी वगळलेल्या असतात, बाकी सगळं चालतं. पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज गाडी नेणाऱ्याला विमा कंपनी कधी विचारत नाही की तुम्ही ऑफिसला जाता की सिंहगडावर. तिथे विमा गाडीचा असतो.

इथे विमा प्रामुख्याने माणसाचा आणि त्याच्या वापराचा असतो. कोण चालवणार आणि कशासाठी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कंपनी आधी मागते आणि त्यावर प्रीमियम ठरवते. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, तरी तो प्रवास पॉलिसीच्या बाहेर गेला. मैत्रिणीचं ‘फुल्ली कॉम्प’ हे तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: अपघात झाला तर कशाकशाची भरपाई मिळेल. कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तर दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर तुमच्या गाडीचंही मिळतं. पण ज्या प्रवासाला पॉलिसी लागूच नाही, तिथे ती कॉम्प्रिहेन्सिव्ह असून तुमच्या गाडीचं काही भागत नाही.

आता ते सर्टिफिकेट पुन्हा हातात घ्या. जाडजूड पॉलिसी बुकलेट बाजूला ठेवा, सर्टिफिकेट ऑफ मोटर इन्शुरन्स हा एक-दोन पानांचा कागद बघा. त्यात दोन रकाने नीट वाचायचे. एकात गाडी चालवायचा हक्क असलेल्या माणसांची नावं असतात. दुसऱ्यात वापराच्या मर्यादा असतात, आणि गोम तिथेच असते. कधी लिहिलेलं असतं की कामाच्या कायमच्या ठिकाणी जाण्यायेण्यासाठी वापर चालेल, पण फक्त पॉलिसीधारकाला. कधी पॉलिसीधारक आणि त्याचा जोडीदार, दोघांना. कधी नावं असलेल्या सगळ्यांना. म्हणून ‘आमच्या पॉलिसीत कम्युटिंग आहे’ हे वाक्य अर्धवट असतं. कुणासाठी आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. काही कंपन्या प्रत्येक ड्रायव्हरचा वापर वेगळा नोंदवतात, काही संपूर्ण गाडीसाठी एकच. तुमची कंपनी कोणत्या पद्धतीची आहे, हे त्या एका रकान्यातून कळतं.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. यजमानांनी स्वतःसाठीही कम्युटिंग घेतलेलं दिसत नाही, कारण त्यांच्या मते ते ट्रेनने कामाला जातात. पण बहुतेक कंपन्यांच्या लेखी स्टेशनपर्यंत गाडी नेऊन तिथे लावणं हा कामावर जाण्याचाच भाग आहे. प्रवासाचा पहिला टप्पा गाडीने झाला, बाकीचा ट्रेनने, एवढाच फरक. म्हणजे ते दोन मैलही आज कव्हरच्या बाहेर असण्याची शक्यता बरीच आहे. फोन कराल तेव्हा दोघांचं एकदमच बोलून घ्या.

कम्युटिंगच्या कडेला काही प्रवास असे असतात की त्यांचं उत्तर कंपनीगणिक बदलतं. मुलाला नर्सरीत सोडून परत घरी येणं हे घरगुती वापरात मोडतं, त्यावर वाद नाही. वाटेत मुलाला सोडून पुढे कामावर गेलात, तर तो कामावर जाण्याचा प्रवास. तुम्ही यजमानांना स्टेशनवर सोडून घरी परतलात तर? काही कंपन्या याला घरगुती वापर म्हणतात, काही कम्युटिंग. तुमच्या कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्या नोकरीच्या बाबतीत एक प्रश्न मात्र स्वतःला आजच विचारा: काम एकाच ठिकाणी आहे का? कम्युटिंगमध्ये ‘एक कायमचं कामाचं ठिकाण’ अभिप्रेत असतं. इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) अनेक ट्रस्टची दोन-तीन हॉस्पिटलं असतात आणि लॅबच्या माणसांना अधूनमधून दुसऱ्या साइटवर पाठवलं जातं. सकाळी एका ठिकाणी हजेरी लावून दुपारी स्वतःच्या गाडीने दुसरीकडे गेलात, तर त्याला बिझनेस यूज लागतो. त्याचेही वर्ग असतात, आणि कोणत्या वर्गात फक्त पॉलिसीधारक येतो, कोणत्यात जोडीदार, कोणत्यात इतर नेम्ड ड्रायव्हर, याच्या व्याख्या कंपनीप्रमाणे वेगळ्या आहेत. नोकरीच्या करारात ‘ट्रस्टच्या इतर ठिकाणी काम करावं लागेल’ असं वाक्य असेल, तर ते दाखवून मॅनेजरला विचारा की प्रत्यक्षात असं किती वेळा होतं. ती शक्यता खरी असेल तर सुरुवातीलाच बिझनेस यूज मागा. मायलेजचे पैसे मिळणार असतील तर नोकरी देणारेच बहुधा तो कागद मागतील.

आता ती न विचारलेली गोष्ट.

थोडा हिशोब करू. १४ मैल जायचे, १४ यायचे, आठवड्यातून तीन दिवस: ८४ मैल. सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ३,८०० मैलांच्या वर. यजमानांचे स्टेशनचे आठवड्याला ८ मैल, म्हणजे वर्षाला चारशेसुद्धा नाहीत. शनिवार-रविवारचं फिरणं दोघांत वाटलं, तरी ही गाडी आता सर्वांत जास्त तुम्हीच चालवणार. पॉलिसीवर मात्र मेन ड्रायव्हर म्हणून यजमान आहेत. हे तसंच ठेवून नुसतं कम्युटिंग जोडलंत, तर कागदावर चित्र असं राहील की अनुभवी नवरा गाडी चालवतो आणि नवीन लायसन्सवाली बायको कधीतरी. खरं चित्र उलटं आहे.

प्रत्यक्षात मुख्य ड्रायव्हर एक आणि कागदावर स्वस्तात पडणारा दुसरा, या प्रकाराला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि कंपन्या तो फसवणुकीत धरतात. आईवडिलांच्या नावावर गाडी दाखवून तरुण मुलगा रोज चालवतो, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तुमचा हेतू तसा नाही हे मला दिसतंय. तुमच्याकडे परिस्थिती बदलली आहे, आणि पॉलिसी घेताना दिलेली उत्तरं त्या दिवशी खरी होती. पण बदल माहीत असून तीच जुनी माहिती पुढे चालू ठेवली, तर काही महिन्यांनी फाइल उघडणाऱ्या माणसाला तुमचा हेतू दिसत नाही, फक्त कागद दिसतो. मी ती फाइल उघडणारी माणूस होते, म्हणून हे कळकळीने सांगते.

तिथे काम कसं चालतं ते सांगते. अपघात झाला की तुम्ही किंवा यजमान फोन करता. पलीकडचा माणूस शांतपणे, यादीतले प्रश्न विचारतो: अपघात कधी झाला, कुठे, गाडी कोण चालवत होतं, कुठून निघालात, कुठे चालला होतात. हा शेवटचा प्रश्न कुणाला पकडण्यासाठी नसतो, प्रत्येकालाच विचारला जातो. हादरलेला माणूस खरं उत्तर देतो: ‘कामावर चालले होते.’ माझ्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये नेमकं हेच होतं. सकाळची वेळ, राउंडअबाउटवर पुढच्या गाडीला मागून धडक, चालवणारी बाई नेम्ड ड्रायव्हर, वापर ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’. तिने एक शब्द खोटा सांगितला नाही. समोरच्याची गाडी विमा कंपनीने दुरुस्त करून दिली. तिच्या स्वतःच्या गाडीचं प्रकरण मात्र महिनोन्‌महिने अडकलं, आणि अखेर जी रक्कम मिळाली ती कमी करून. दुरुस्तीच्या उरलेल्या पैशांपेक्षा तिला त्रास झाला तो दर आठवड्याला येणाऱ्या चौकशीच्या फोनांचा. मला आजही वाटतं, नोकरी लागली त्या आठवड्यात कुणी तिला दहा मिनिटं बसवून हे सांगितलं असतं तर!

‘कोण तपासतंय’ या यजमानांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला गाडीचा विमा आहे की नाही तेवढं कळतं. तुम्ही कामावर चालला आहात की भाजी आणायला, ते कळत नाही. खरी तपासणी अपघातानंतर होते, किंवा पोलिसांनी थांबवून विचारपूस केली आणि कंपनीला फोन लावला तर. पण तेव्हा जे होतं ते फार महाग पडतं.

इथला रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ चा. त्याच्या कलम १४३ प्रमाणे त्या वापराला लागू असलेल्या विम्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि ‘मला वाटलं विमा आहे’ हा त्यात बचाव नाही. जागच्या जागी मिटलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, म्हणजे शिक्षेचे गुण. कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, ६ ते ८ पॉइंट, आणि वाहन चालवायला बंदीही होऊ शकते. पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात. याच कलमात गाडी चालवू देणाराही येतो, म्हणजे किल्ली देणारे यजमानही.

तुमच्या बाबतीत ६ पॉइंटचा अर्थ याहून कठोर आहे. १९९५ च्या नवीन ड्रायव्हरांच्या कायद्यानुसार पहिली टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. पुन्हा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढायचं, पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. तुम्ही नाशिकला किंवा ठाण्याला दहा वर्षं गाडी चालवली असेल, ती वर्षं यात मोजली जात नाहीत. गेल्या वर्षी टेस्ट पास झाली आहे म्हणजे तुम्ही अजून त्या २ वर्षांच्या आत आहात. एका न केलेल्या फोनपायी लायसन्सही जाईल आणि कामावर जायचं साधनही.

राहिली विमा कंपनी. समोरच्या माणसाच्या नुकसानीचे पैसे कायद्याने बहुतेक वेळा कंपनीलाच द्यावे लागतात, पण ते तुमच्याकडून वसूल करायला ती मागे येऊ शकते. समोरच्याला गंभीर दुखापत झाली असेल तर ती रक्कम किती होईल, याचा विचारही नको वाटतो. तुमच्या गाडीचा क्लेम ती नाकारू शकते. कम्युटिंग मागितलं असतं तर दिलंच असतं, फक्त प्रीमियम थोडा जास्त घेतला असता, अशा ठिकाणी काही वेळा त्या प्रमाणात पैसे मिळतात. म्हणजे समजा प्रीमियम भरला ६०० पौंड आणि खरा व्हायला हवा होता ७५०, तर ८० टक्के. ५,००० च्या क्लेमला ४,०००. चुकीच्या माहितीबद्दलच्या २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यात निष्काळजी चुकीसाठी हेच गणित आहे. पण चूक जाणूनबुजून केली असं कंपनीने दाखवून दिलं, तर त्याच कायद्याने ती पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते आणि क्लेम पूर्ण नाकारू शकते. एकदा असं झालं की पुढे प्रत्येक विमा कंपनी विचारते, ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का?’ आणि ‘हो’ म्हटल्यावर दर कुठल्या कुठे जातात.

यजमानांचं ‘रिन्युअलला सांगू’ यातच अडतं. तोपर्यंतचे सगळे प्रवास कव्हरच्या बाहेर. शिवाय बहुतेक पॉलिसींमध्ये अट असते की ड्रायव्हर, व्यवसाय, वापर यांत बदल झाला की कळवायचं. रिन्युअलचा कागद येतो तेव्हा जुनी माहिती छापलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, तपासून पाहा. घाईत ती तशीच पुढे गेली, तर जे आजवर नुसतं कळवायचं राहिलं होतं, ते चुकीची माहिती दिली या सदरात जातं.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, इथल्या विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केलं होतं की साथीमुळे गाडी घेऊन कामावर जावं लागलं तर पॉलिसीवर परिणाम होणार नाही. तेव्हाचं ऐकून ‘कामावर जायला आता वेगळं लागत नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. ती तेवढ्या काळापुरती सवलत होती. तिच्यावर विसंबू नका.

मग करायचं काय? फोन यजमानांनी करायचा, कारण पॉलिसीत बदल करायचा अधिकार पॉलिसीधारकाचा. तुम्हाला बोलायचं असेल तर त्यांनी आधी परवानगी नोंदवावी लागते. बोलताना फक्त ‘बायकोचं कम्युटिंग ॲड करा’ म्हणू नका. संपूर्ण परिस्थिती एका दमात सांगा: अमुक तारखेपासून पत्नी आठवड्यातून तीन दिवस गाडी घेऊन एकाच हॉस्पिटलमध्ये कामावर जाणार आहे, मी दोन दिवस स्टेशनवर गाडी लावतो, आता गाडी ती माझ्यापेक्षा जास्त चालवेल, तिचा व्यवसाय बदलला आहे, आणि वर्षाचे मैल वाढतील. व्यवसायाचं बरेच जण विसरतात. पॉलिसी घेताना तुमच्यापुढे गृहिणी लिहिलं असेल तर आता लॅबमधलं पद लिहायला हवं. मैलांचंही तसंच, ५,००० सांगितले असतील तर आता ९,००० च्या आसपास सांगावे लागतील.

पलीकडचा माणूस नवा आकडा सांगेल. मान्य असेल तर पैसे भरा, आणि नवीन सर्टिफिकेट ईमेलवर आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. ते उघडून दोन्ही रकाने पुन्हा वाचा. तुमचं नाव, आणि तुमच्यासाठी कम्युटिंग. तारीखही बघा, कारण बदल त्या तारखेपासून लागू होतो, मागच्या दिवसांना नाही. फोनवरच्या माणसाने ‘चालेल, त्यात येतं’ असं तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, हेच ईमेलवर पाठवा.

किती वाढेल, हे मी इथून सांगू शकत नाही. वय, पिनकोड, गाडी, लायसन्सची वर्षं यावर सगळं आहे. माझ्या अनुभवात नुसत्या कम्युटिंगने फारसा फरक पडत नाही. मेन ड्रायव्हर बदलून नवीन लायसन्स असलेली व्यक्ती आली की आकडा जाणवण्याइतका वाढतो. त्यात बदलाची फी धरा, आणि वाढीव प्रीमियमवर १२ टक्के विमा कर असतोच. नवीन ड्रायव्हरसाठी एक्सेसही, म्हणजे क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, बऱ्याचदा जास्त असते. तेही विचारून ठेवा.

काही कंपन्या म्हणतील, पॉलिसीधारक आणि मेन ड्रायव्हर एकच हवा. काही म्हणतील, इतक्या नव्या लायसन्सवर मेन ड्रायव्हर घेत नाही. असं झालं तर घाबरू नका, आणि मेन ड्रायव्हरची गोष्ट गाळून पुन्हा दुसरा फोनही लावू नका. पॉलिसी तुम्ही स्वतः बंद करून दुसरीकडे घेणं आणि कंपनीने ती रद्द करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा डाग राहत नाही. फक्त आधी नवी पॉलिसी हातात घ्या, मग जुनी बंद करा. मधेच बंद केली तर त्या अर्धवट वर्षाचा नो क्लेम्स बोनस यजमानांना मिळणार नाही, एवढं मात्र लक्षात घ्या. रिन्युअलला दोन-तीन महिनेच उरले असतील तर सध्याच्या कंपनीला जास्त पैसे देऊन वर्ष पुरं करणं बहुधा फायद्याचं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी माझं स्पष्ट मत सांगते: पुढची पॉलिसी तुमच्या नावावर घ्या आणि यजमानांना नेम्ड ड्रायव्हर करा. खरं चित्र तेच आहे. शिवाय नेम्ड ड्रायव्हर म्हणून तुम्ही कितीही वर्षं विनाअपघात गाडी चालवलीत तरी बोनस साठतो तो पॉलिसीधारकाचा; नेम्ड ड्रायव्हरची वर्षं मोजणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत आणि दुसरी कंपनी ती मानेलच असं नाही. उद्या दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तर तुम्ही शून्यापासून सुरुवात कराल. पहिलं वर्ष महाग पडेल, हे खरं. पण अनुभवी यजमान नेम्ड ड्रायव्हर म्हणून असले की आकडा बहुधा खाली येतो, आणि त्यात काही गैर नाही, कारण ते खरोखर गाडी चालवतात. यजमानांचा बोनस वापराविना राहिला तर इथे साधारण २ वर्षं धरला जातो. त्यांना स्वतःच्या नावावर लवकरच दुसरी गाडी घ्यायची असेल तर हा हिशोब आधी करा. तुमच्या नावावर भारतात नो क्लेम बोनस असेल तर तिथल्या कंपनीकडून इंग्रजीत पत्र मागवून ठेवा. बऱ्याच कंपन्या मानत नाहीत, काही मानतात, आणि पत्र मागवायला फार खर्च नाही.

कंपनीशी कधी वाद झालाच, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ८ आठवड्यांत अंतिम उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. अंतिम उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत.

सहकाऱ्याचा प्रश्न सोपा आहे. रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १५० मध्ये याची सोय आहे: गाडी आठपेक्षा जास्त प्रवासी नेणारी नसावी, पैशांचं आधी ठरलेलं असावं, आणि घेतलेली एकूण रक्कम त्या प्रवासाला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त नसावी. खर्चात पेट्रोलबरोबर गाडीची झीजही धरता येते. एवढं पाळलं तर ते भाड्याने प्रवासी नेणं ठरत नाही. पेट्रोल अर्धं-अर्धं वाटलंत तर तुम्ही या मर्यादेच्या खूप आत आहात. फक्त ते पैसे घेणं तुमच्या कामाच्या प्रवासात होतंय, म्हणून कम्युटिंगचं कव्हर आधी हवंच. फोनवर बाकीचं सांगताना हेही एका वाक्यात सांगून टाका.